खरेदीवर ताबा नाही आणि आता प्रेमात पडलेय : त्याला सांगू का, कधी, किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : खरेदीवर ताबा राहत नाही, दोन क्रेडिट कार्डांवर थकबाकी आहे, कपाटात टॅगही न काढलेले कपडे पडून आहेत. अशात एक माणूस आयुष्यात आला आहे. तो स्वतः प्रत्येक खर्च लिहून ठेवणारा, हिशेबी. त्याला हे सांगायचं का, सांगायचं तर कधी, आणि आधी पूर्ण बरं होऊन मगच या नात्यात पुढे जावं का? शेवटी एक छोटा प्रश्न तुम्ही जोडला आहे : त्याला तुमच्याबरोबर खरेदीला जायला आवडतं, त्याचं काय करू?

मी समुपदेशक आहे आणि बरीच वर्षं व्यसनांवर काम करते आहे. खरेदीवरचा ताबा सुटलेल्या स्त्रिया माझ्याकडे येतात त्या बहुतेक वेळा थकलेल्या हप्त्यांमुळे, पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बोलणं नात्यांकडे वळतंच. माझं मत आधीच सांगून टाकते. पूर्ण बरं होईपर्यंत प्रेमाला दाराबाहेर उभं ठेवायची गरज नाही. लपवणं मात्र थांबवावं लागेल. कर्जामुळे मोडलेली नाती मी पाहिली आहेत, पण लपवलेल्या कर्जामुळे मोडलेली त्याहून कितीतरी जास्त.

तुम्ही स्वतःला ‘उधळी’ म्हटलं आहे. हा शब्द आधी बाजूला ठेवा. उधळ्या माणसाला खर्च करताना मजा येते आणि नंतरही फारसं काही वाटत नाही. तुम्ही लिहिलंय ते वेगळं आहे : नको म्हणत असताना हात पुढे जाणं, पैसे भरल्यावर काही मिनिटांतच पोटात गोळा येणं, आणि मग ती वस्तू नजरेआड करणं. या अवस्थेची नोंद मानसोपचारात जुनी आहे. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं वर्णन केलं, स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९२४ मध्ये आपल्या ग्रंथात तिला जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात आवेग-नियंत्रणाच्या विकारांमध्ये उदाहरण म्हणून तिचा उल्लेख आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या यादीत मात्र तिला स्वतंत्र निदान म्हणून स्थान मिळालं नाही. व्यसन म्हणावं की आवेगाचा विकार, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच, की ही चारित्र्यातली खोट नाही आणि हा त्रास उपचारानं आटोक्यात येतो.

आणि हा फक्त बायकांचा आजार आहे, हेही डोक्यातून काढा. २००६ मध्ये अमेरिकेत प्रौढांची दूरध्वनीवरून मोठी पाहणी झाली होती. तीत सुमारे ५.८ टक्के लोकांमध्ये हा त्रास आढळला. स्त्रियांमध्ये ६ टक्के, पुरुषांमध्ये ५.५ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. उपचाराला मात्र बायकाच जास्त येतात. पुरुषानं हेडफोनचा पाचवा जोड घेतला की त्याला छंद म्हणतात, बाईनं पाचवी पर्स घेतली की तिचा स्वभाव काढतात. मग ती लपवायला शिकते, आणि त्यात तरबेज होते.

आता प्रेम आणि खरेदी एकमेकांत कुठे गुंततात ते पाहू. तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथे आहे.

खरेदीची खरी नशा वस्तूत नसते, ती वस्तू मिळायच्या आधीच्या काळात असते. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की बक्षीस मिळणार हे एकदा कळायला लागलं, की मेंदूत डोपामिन हे ओढ लावणारं रसायन सोडणाऱ्या पेशी प्रत्यक्ष बक्षिसाऐवजी त्याच्या चाहुलीलाच उसळतात. माझ्याकडे येणाऱ्या अनेकजणींना पार्सल आत्ता कुठे पोहोचलं आहे ते तोंडपाठ असतं, आणि तेच पार्सल घरी आल्यावर चार-चार दिवस न उघडता पलंगाखाली पडून राहतं. तुम्हालाही हे ओळखीचं वाटेल.

प्रेमाचे पहिले महिने मेंदूच्या याच भागात घडतात. २००५ मध्ये मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि सहकाऱ्यांनी नव्यानं प्रेमात पडलेल्या १७ जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. प्रिय व्यक्तीचा फोटो पाहताना डोपामिन जिथून निघतं तो भाग त्यांच्यात उजळला होता. म्हणून अनेकींना प्रेमाच्या सुरुवातीला चमत्कार झाल्यासारखं वाटतं. ‘त्याला भेटल्यापासून मी काहीच घेतलं नाही’ असं त्या आनंदानं सांगतात. त्या खोटं बोलत नसतात. चाहूल, वाट पाहणं, फोन वाजल्यावर छातीत होणारी धडधड, हे सगळं आता दुसरीकडून मिळत असतं, एवढंच. तुमचंही गेल्या काही आठवड्यांत असं झालं असेल, तर त्याचा आनंद जरूर घ्या, पण त्याला बरं होणं समजू नका. पहिलं मोठं भांडण किंवा तासन्‌तास उत्तर न आलेला एखादा मेसेज, आणि बोट पुन्हा त्याच अ‍ॅपवर जातं. आणि याला निमित्त तो ठरतो, म्हणून या वेळची घसरण जास्त बोचते. ‘प्रेमानंही मी सुधारले नाही’ असा निष्कर्ष काढून बाया उपचार सोडून देतात. प्रेमाकडून ते काम होणारच नव्हतं.

उलटंही होतं. काहीजणींची खरेदी प्रेमात पडल्यावर वाढते. एक उदाहरण देते, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. ती प्रत्येक भेटीला नवा पोशाख घालून जायची. घेतलेलं परत करता यावं म्हणून टॅग न कापता आत दुमडून ठेवायची. संध्याकाळभर तो टॅग मानेला टोचत असायचा, ती हळूच हात मागे नेऊन तो नीट करायची, आणि समोरचा बोलत असताना तिचं निम्मं लक्ष मानेकडे असायचं. पुढे कधीतरी तो म्हणाला, पहिल्या भेटीतला निळा ड्रेस पुन्हा घाल ना. तो तर तिनं दुसऱ्याच दिवशी परत केला होता. तिनं ‘धुवायला टाकलाय’ असं सांगितलं, आणि मग तसाच निळा ड्रेस शोधत रात्र काढली. मिळाला नाही, तेव्हा दुसरे तीन घेतले. त्या काळात ती माझ्यासमोर रडली ती पैशांसाठी नव्हती. ‘त्याला जी आवडते ती मी नाहीच’, हे तिचं दुःख होतं.

तिचा नेमका हाच धागा आम्ही धरला. खरेदीच्या व्यसनात बरीचशी वस्तू स्वतःसाठी घेतलेलीच नसते. ती घेतलेली असते एका कल्पनेतल्या बाईसाठी, जी बारीक आहे, निर्धास्त आहे, कुठेही उठून दिसते. प्रेम आलं की त्या कल्पनेतल्या बाईला प्रेक्षक मिळतो आणि तिचा खर्च वाढतो. तुम्ही कोणत्या गटात आहात हे तुम्हालाच तपासावं लागेल. एक सोपी पद्धत सांगते. प्रत्येक खरेदीची नोंद करताना वस्तू आणि किंमत यांच्याबरोबर तिसरा रकाना ठेवा : त्याच्या आदल्या काही तासांत त्याच्याशी काय घडलं होतं? महिन्याभरात तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल.

भेटवस्तूंबद्दलही बोलायला हवं, कारण ती पळवाट सभ्य दिसते. ‘मी माझ्यासाठी काही घेतलं नाही, त्याच्यासाठी घेतलं’ असं मनाशी म्हणता येतं. पण कार्ड तेच असतं, आवेगही तोच. शिवाय महागड्या भेटींनी त्याच्या मनात तुमच्या ऐपतीचं चुकीचं चित्र तयार होतं, आणि पुढे खरं सांगणं आणखी अवघड होतं. काही काळ त्याला वस्तू देऊ नका. वेळ द्या, चिठ्ठी लिहा, त्याचं एखादं कंटाळवाणं काम हातावेगळं करा.

तो हिशेबी आहे याची तुम्हाला भीती वाटते, आणि तेच तुम्हाला आवडतंही, असा तुमच्या पत्राचा सूर आहे. यात विसंगती काही नाही. खर्चाच्या सवयींचे अमेरिकी अभ्यासक स्कॉट रिक आणि सहकाऱ्यांचा २०११ मधला अभ्यास नेमका यावर आहे. आपल्याच खर्चाच्या सवयीवर नाराज असलेली माणसं बऱ्याचदा विरुद्ध सवयीच्या जोडीदाराकडे ओढली जातात. हात सैल असलेल्याला हात आखडणारा आवडतो, आणि त्याला ती. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की अशा जोडप्यांत पुढे पैशांवरून खटके जास्त उडतात आणि संसारातलं समाधान कमी होतं. म्हणून घाबरून मागे फिरा असं मी म्हणणार नाही. तुम्हा दोघांना पैशाबद्दल बोलायची सवय इतर जोडप्यांपेक्षा लवकर लावावी लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

तर मग सांगायचं कधी? पहिल्या-दुसऱ्या भेटीत नाही. तेवढ्या ओळखीत कुणाचाच कुणाच्या पासबुकावर हक्क नसतो. पण काही उंबरठे असे आहेत, जे न सांगता ओलांडू नयेत : एकत्र राहायचं ठरवणं, लग्नाचा विषय गांभीर्यानं निघणं, एकत्र कर्ज किंवा एकत्र खातं, आणि त्याच्याकडून पैसे उसने घेणं. यातला शेवटचा सर्वांत निसरडा, कारण तो पटकन आणि गोड बोलून ओलांडला जातो. ‘पगार झाला की देते’ म्हणून घेतलेल्या पहिल्या रकमेपासून तुमचं नातं दोन थरांवर चालू होतं : एक त्याला दिसणारं, एक तुम्हालाच माहीत असलेलं. तुमच्या पत्रावरून तुम्ही अजून उसने घेतलेले नाहीत. तिथेच थांबा आणि आधी बोला.

सांगायच्या आधी एक काम एकट्यानं करायचं आहे, आणि ते बोलण्यापेक्षा जड आहे. दोन्ही कार्डांची स्टेटमेंट, ‘आता घ्या, नंतर भरा’वाली सगळी अ‍ॅप, मैत्रिणींकडून घेतलेले पैसे, सगळं काढून एका कागदावर एकूण आकडा लिहा. व्याजासकट. बहुतेकजणींनी हा आकडा कधी एकत्र पाहिलेलाच नसतो. त्या दर महिन्याला भरायच्या किमान रकमेवर जगत असतात. पाहताना हात थरथरतो. सोबत कुणी विश्वासातलं बसलं तर बरं.

आणि मग सगळं एकदम सांगा. माझ्या लेखी ही या उत्तरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. घाबरून बाया हप्त्यांत सांगतात : आधी एक कार्ड, महिन्यानं दुसरं, मग बहिणीकडचे पैसे. ऐकणारा पहिल्यांदा समजून घेतो. दुसऱ्यांदा तो विचार करायला लागतो, की अजून काय आहे. तिसऱ्यांदा तो तुमचं ‘आता एवढंच’ ऐकतो, पण मानत नाही. मोठा आकडा माणसं पचवतात, बदलत जाणारा आकडा पचवणं कठीण जातं.

लपवण्याचं ओझं किती वाढत जातं याचं एक जुनं उदाहरण आहे. अब्राहम लिंकन यांच्या पत्नी मेरी टॉड लिंकन यांच्यावर दुकानदारांची मोठी उधारी होती आणि नवऱ्याला तिची कल्पना नव्हती. १८६४ ची निवडणूक ते हरले, तर सगळी बिलं त्यांच्यासमोर येतील, या धास्तीत त्या होत्या, असं त्यांचे कपडे शिवणाऱ्या आणि त्यांच्या विश्वासातल्या एलिझाबेथ केकली यांनी नंतर लिहून ठेवलं. मेरी यांना आज कोणतं निदान लागू पडलं असतं, हा प्रश्न माझा नाही. पण देशाच्या निवडणुकीकडे आपल्या बिलांच्या भीतीतून पाहावं लागणं, ही घुसमट माझ्या खोलीत बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर मी ओळखते.

बोलताना जागा शांत निवडा. भांडणानंतर नको, झोपायच्या वेळी नको, दुकानात तर नकोच. शब्द साधे असू द्या. उदाहरणार्थ : ‘मला तुझ्याशी पैशांबद्दल बोलायचंय. मला खरेदीचा आवेग आवरत नाही. हा गेल्या काही वर्षांचा त्रास आहे. माझ्यावर एकूण एवढं कर्ज आहे, ते फेडायची माझी योजना अशी आहे, आणि मी मदत घेते आहे. तू काही करावंस म्हणून सांगत नाहीये. तुला माहीत असावं म्हणून सांगतेय.’ शेवटची दोन वाक्यं गाळू नका. तो लगेच काही बोलला नाही, तर ती पोकळी माफी मागून भरू नका. त्याला वेळ लागू दे.

त्याची प्रतिक्रिया नीट पाहा. तो गप्प झाला, त्यानं प्रश्न विचारले, चार दिवस मागितले, चिडलासुद्धा, तरी यात काही वावगं नाही. ‘अगं सगळ्याच बायका करतात’ असं हसून उडवलं, तर त्यानं अजून ऐकलेलंच नाही. पुन्हा सांगावं लागेल. तिसऱ्या प्रकारापासून मात्र सावध राहा. तुमचा पगार आपल्याकडे मागणं, चारचौघांत या गोष्टीवरून टोमणे मारणं, दर भांडणात ‘तू आधी तुझी बिलं बघ’ म्हणून तोंड बंद करणं, याला काळजी म्हणत नाहीत. मदत तुमच्या संमतीनं होते, तिला मुदत असते आणि ती थांबवायचा हक्क तुमच्याकडे असतो. नियंत्रणात यातलं काहीच नसतं. तुमच्या अपराधी भावनेमुळे हा फरक तुम्हाला उशिरा दिसण्याची शक्यता आहे, म्हणून मैत्रिणीला किंवा बहिणीला विचारत राहा.

तो चांगला निघाला तर दुसरा धोका असतो. चांगली माणसं लगेच म्हणतात, ‘मी फेडतो सगळं’ किंवा ‘कार्ड माझ्याकडे दे’. दोन्हींना नको म्हणा. दुसऱ्यानं एकरकमी फेडलेलं कार्ड सवय न बदलता हातात राहिलं, की ते पुन्हा भरताना मी पाहिलं आहे, आणि त्या वेळी डोक्यावर कर्जाबरोबर उपकारही असतात. कार्ड आणि ओटीपी त्याच्या ताब्यात गेले, की तो पहारेकरी होतो आणि तुम्ही चोरून काहीतरी करणारी मुलगी. त्यात प्रेमाला जागा उरत नाही. लपवायला एक नवा माणूस मात्र मिळतो. स्टेटमेंट पाहायचं काम बहिणीला द्या, समुपदेशकाला द्या, किंवा कर्जाच्या त्रासातल्या लोकांच्या स्व-मदत गटातल्या कुणाला. असे गट आहेत; ‘डेटर्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना १९७६ पासून काम करते आणि तिच्या ऑनलाइन बैठकाही होतात. त्याच्याशी महिन्यातून एकदा ठरवून बोला : कर्ज किती उतरलं, कुठे घसरण झाली. एरवी तो तुमचा प्रियकर असू दे.

घसरण होईल, हे दोघांनी आधीच धरून चाला. त्यासाठी एकच करार पुरतो : झालं तर दिवसाभरात सांगायचं, आणि ऐकणाऱ्यानं त्या दिवशी फक्त ऐकायचं.

उपचारांबद्दल थोडक्यात. या त्रासावर सर्वांत चांगला आधार आहे तो विचार-वर्तन उपचारांना (सीबीटी), विशेषतः गटात घेतलेल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात १२ आठवड्यांच्या अशा गट-उपचारांचा फायदा सहा महिन्यांनंतरही टिकून होता. गोळ्यांचं चित्र तितकं उत्साहवर्धक नाही. उदाहरणार्थ फ्लुवोक्झामिन हे नैराश्याच्या गटातलं औषध २००० मधल्या एका छोट्या चाचणीत खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. पण सोबत नैराश्य किंवा चिंता असेल, आणि ती बऱ्याचदा असते, तर तिच्यावर औषध घेण्यानं खरेदीचा आवेगही सैल पडू शकतो. एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच. झोप कमी, बोलणं आणि उत्साह अफाट, आणि त्याच दिवसांत खर्चाचा पूर, असं होत असेल तर तो द्विध्रुवीय (बायपोलर) विकार असू शकतो, त्याचे उपचार वेगळे. पार्किन्सनसाठीची प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं किंवा मनोविकारांवरचं अ‍ॅरिपिप्राझोल घेणाऱ्यांपैकी काहींना अचानक खरेदीचा आवेग सुरू होतो. अ‍ॅरिपिप्राझोलबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये तसा इशारा दिला होता. तुमचं असं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि कर्जाच्या विचारानं जगणं नकोसं वाटत असेल, तर यातलं बाकी सगळं बाजूला ठेवून आजच कुणाशी तरी बोला.

रोजच्या पातळीवर : अ‍ॅपमधली साठवलेली कार्डं काढून टाका, नोटिफिकेशन बंद करा, कार्टमध्ये टाकलेलं एक रात्र तसंच ठेवा. आवेग चढतो तसा उतरतोही. तो उतरेपर्यंतचा वेळ काढता येणं, हे शिकण्यासारखं कौशल्य आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, त्याच्याबरोबर खरेदीला जाण्याचा. काही महिने जाऊ नका. त्याला कारण माहीत असेल तर बहाणे करावे लागणार नाहीत. भेटायला दुसऱ्या जागा पुष्कळ असतात. गरजेचं घ्यायला जायचंच असेल तर यादी घरी करा, यादीपुरते पैसे रोख न्या, कार्ड घरी ठेवा, आणि यादीबाहेरचं काही मनात भरलं तर तिथल्या तिथे त्याला मोठ्यानं सांगा : ‘मला आत्ता ते घ्यावंसं वाटतंय.’ त्यानं अडवायचं नाही, हसायचंही नाही. दोघांनी यादी संपवायची आणि बाहेर पडायचं. त्याला तुम्हाला काही द्यायचं असेल तर त्यानं एकट्यानं जाऊन निवडावं. ते आवडलं नाही, तरी बदलून आणायला दुकानात जाऊ नका.